वावटळीला चप्पल

भर उन्हात निकिता दिंडोरीच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसली होती. समोरच्या पटांगणात वावटळ उठली आणि शेजारच्या बाकावर दोन म्हाताऱ्यांची जुंपली.

"लंकाबाई, फेक की चप्पल! भूत असतं त्यात."

"नाय फेकत, गुलजारबी."

"अगं, मागं तर तूच पहिली फेकायचीस. नेमबी लय भारी तुझा."

"तवा आमचे मालक होते."

"हात्तिच्या! केरूभाऊ कशाला येतील धुळीत?"

"नसतीलबी. पण उभ्या जन्मात एका जागी बसले का ते? असेच गरागरा फिरायचे. आन् लागली चप्पल तर?"

निकिताने ओढणी तोंडावर ओढली.

"लंकाबाई, आली ना अंगावर! मीट डोळे!"

"थांब, आधी डोक्यावर पदर घेऊ दे."