निळ्या बाहीवरचा हिरवा रफू

नाव व पत्ता वर लिहिल्याप्रमाणे. ओळखीचे सगळे काकू म्हणतात. वय ६३. धंदा शिवणकाम. खाली दुकान आहे, वर आम्ही दोघे राहतो.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी शिवणमंडळाची जुनी सभासद आहे. आज टाउन हॉलमध्ये मंडळाच्या गोधड्यांचे प्रदर्शन होते. त्यात माझीही एक गोधडी होती. तिला बक्षीस नव्हते आणि मिळायलाही नको होते, कारण कडेची पट्टी मीच वाकडी लावली आहे.

दारे उघडताच मी आत गेले व एकेका गोधडीपुढे थांबत गेले. कामे सुंदर होती. एका नर्सबाईंचे हाताचे टाके इतके सारखे होते की मशीनने लाजावे. पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईंनी नवऱ्याच्या जुन्या टायांची गोधडी केली होती. "आयुष्यभर यांच्या गळ्यात होते, आता माझ्या अंगावर," असे त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसलो. मी सगळ्यांचे तोंडभरून कौतुक केले, ते मनापासून होते. मी बघायला गेले होते हे खरे. शोधायलाही गेले होते, हेही लिहून घ्यावे.

मंडळात दरवर्षी चिंध्यांची अदलाबदल होते. प्रत्येकीने उरलेल्या कापडांचे गाठोडे आणायचे आणि न उघडता दुसरीचे उचलायचे. कोणाचे ते विचारायचे नाही, परत मागायचे नाही. गेल्या वर्षी मी तापाने पडून होते, म्हणून माझे गाठोडे पती घेऊन गेले. कपाटात दोन गाठोडी होती, एकाच जुन्या चादरीचे दोन तुकडे करून बांधलेली. एकात चिंध्या होत्या. दुसऱ्यात आमच्या मुलाचे शर्ट होते. पतींनी दुसरे नेले. गुडघे दुखत असताना चालत गेले आणि "दिलं बरं का तुझं काम करून," म्हणत खुशीत परत आले.

त्यांची चूक मी त्यांना कळू दिली नाही. चिंध्यांचे गाठोडे मुलाच्या कप्प्यात ठेवून दिले. पती रोज सकाळी तो कप्पा उघडतात, गाठोड्यावर हात ठेवतात आणि मग चहा घेतात. गाठ कधी सोडत नाहीत.

मुलगा कसा गेला ते याच ठाण्यात लिहून घेतलेले आहे. पुन्हा सांगत नाही.

पहिल्या बक्षिसाची गोधडी शेवटच्या भिंतीवर होती. ती आमच्या बटणताईंची. प्रत्येक गोधडीवर त्या कुठेतरी एक बटण लावतात, म्हणून हे नाव पडले आहे. गोधडीच्या मधोमध वरून टाचलेला एक निळा तुकडा होता व त्यावर हिरव्या दोऱ्याचा रफू होता. तो रफू माझा आहे. मुलगा सायकलवरून पडून बाही कोपरात फाटली, तेव्हा निळा दोरा संपला होता. तो घाईत होता. म्हणाला, "हिरवा चालेल गं आई, कोण बघतंय!" शेजारच्या पाटीवर परीक्षकांनी 'हिरव्या रफूची कल्पक योजना' असे लिहिले होते. लोक रांग लावून बघत होते.

मी पुढे होऊन वास घेतला. साबणाचा होता. जुने कापड आधी स्वच्छ धुवावे, मगच जोडावे, हे बटणताईंना मीच शिकवले होते. त्यांची काही चूक नाही. पण तो तुकडा तिथे ठेवून मला घरी जाता येईना.

नंतर मी पर्समधली छोटी कात्री काढून तो तुकडा उसवू लागले. कापड कापलेले नाही, फक्त टाके काढले. संयोजक ओरडले, "अहो, पहिलं बक्षीस आहे ते! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" तेवढ्यात बटणताई धावत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, रफूकडे पाहिले. म्हणाल्या, "काकू, ओढू नका, ताणलं जाईल. मी धरते." त्यांनी कड धरली आणि मी उरलेले टाके काढले. कोणाचे कापड ते त्यांनी विचारले नाही. मंडळात विचारत नाहीत.

बटणताईंची तक्रार नाही. तक्रार संयोजकांची आहे. तो तुकडा आपण पाकिटात घालून सील केला आहे. काम संपल्यावर तो घरी पाठवू नये, मी स्वतः येऊन नेईन.

पती बाहेर बाकावर बसले आहेत. दुसरीच्या बक्षिसावर जळून मी हे केले, असे मी त्यांना सांगितले आहे. "या वयात शोभतं का तुला?" असे ते म्हणाले व घरून आणलेला जेवणाचा डबा माझ्या हातात दिला. संयोजकांच्या तक्रारीतही जळफळाट हेच कारण आहे. ते तसेच राहू द्यावे.

वरील जबाब हवालदारांनी माझ्या विनंतीवरून दार लोटून घेऊन, हळू आवाजात मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे.