मागच्या सीटवर बसायचं राहून गेलं

सन्माननीय अध्यक्ष गेणभाऊ, व्यासपीठावरचे मान्यवर, गॅरेजातले माझे सोबती आणि हातातली कामं टाकून आलेल्या माता-भगिनींनो,

तुम्ही सगळे माझ्याबद्दल एवढं चांगलं बोललात, की हा मिस्त्री कोण, असं मलाच वाटू लागलं. एकतीस वर्षं नारायणगावात राबलो. आता कंबर वाकत नाही, आणि खरं सांगतो, मनही थकलंय.

आपल्याकडे गाडी घ्यायची म्हटलं, की "मिस्त्री, जरा संगं चला" हे ठरलेलं. चार पुरुष जायचे, मी बोनेट उघडायचो, एक चक्कर मारायचो, मान हलवली की सौदा पक्का. घरच्या बायका गाडी पहिल्यांदा बघायच्या त्या ओवाळायचं ताट घेऊनच! यात काही चुकतंय, असं कुणाला कधी वाटलं का हो? मलाही नाही वाटलं.

तीन वर्षांपूर्वी पोपटरावांनी मोठी सेडान बघितली. त्यांच्या आई जानकाबाई गुडघ्यांनी बेजार, जीपमध्ये चढवत नव्हतं. पेठ गावी त्यांच्या बहिणीकडे, साळुबाईंकडे, त्यांना नेता यावं म्हणून ही गाडी. मी तपासली. इंजिन गुळगुळीत, डिकी ऐसपैस. पाच माणसं बसली की गतिरोधकाला पोट घासेल, एवढं बजावलं आणि पास केली. मागे बसून काही पाहिलं नाही. मिस्त्री कधी मागे बसतो का?

पूजेच्या दिवशी जानकाबाई मागच्या खोलगट सीटवर बसल्या त्या रुतल्याच. घरातल्या दोघी बायकांनी ओढून बाहेर काढलं. लोक हसले, मीही हसलो. त्या एवढंच म्हणाल्या, "गाडी लई झ्याक हाय, बाबा. पर तुमी जा, मी घर राखते." तेव्हापासून त्या पेठला गेलेल्या नाहीत. दोघी बहिणी फोनवर रडतात. ती गाडी दारावरून गेली, की माझा मला राग येतो.

आज पोपटरावांनी दुसरी सेडान बाहेर आणून उभी केलीय. हिची सीट उंच आहे म्हणे. "जाता जाता एक नजर टाका, भाऊ," म्हणाले. पोपटराव, मी बोनेट उघडणार नाही.

हा समारंभ घडवून आणणाऱ्या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक गेलं असेल तर सांभाळून घ्या. जानकाबाई काठी टेकत आल्यात, पुढेच बसल्यात. त्यांची माफी मात्र सगळ्यांसमोर मागतो. मावशी, चला, मागची सीट आज तुम्ही तपासा. कुणाचा हात न धरता उठून बाहेर आलात, तर गाडी पास, आणि तशाच पेठला निघा. नाही आलात, तर गाडी परत.

गेणभाऊ, ती शाल तोवर घडीतच राहू द्या.