बिबट्याचं शेपूट आणि कुंदाताईंचा नारळ

पेटीवाले, सूर धरून ठेवा. तबल्याला जरा विश्रांती. आणि मागे खांबाला टेकलेल्यांनो — जागे आहात ना? मग एका प्रश्नाचं उत्तर द्या.

पंगतीत शेजारच्याच्या पानातला लाडू तुम्ही उचललात. त्याला विचारलंत, "घेऊ का?" तो म्हणाला, "घ्या!" तुम्ही खाल्लात. आता मला सांगा — ही चोरी झाली का?

"नाही" म्हणताय? सगळे? बरं! धरून ठेवा हे उत्तर. शेवटी विचारणार आहे मी!

मंडळी, ऐका. कराडचे अरविंदराव नलवडे. हार्डवेअरचं दुकान, माणूस सरळ. दारू नाही, तंबाखू नाही, एकादशी चुकवायची नाही. पोरानं दुकान सांभाळलं आणि म्हणाला, "आबा, तुम्ही आणि आई आफ्रिकेला जाऊन या! आधी जंगल, सिंह-हत्ती बघा. मग शेवटी झांजिबारच्या बेटावर समुद्रकाठी आराम करा."

आफ्रिका! आमची मजल नरसोबाच्या वाडीपर्यंत, आणि हे निघाले आफ्रिकेला!

अरविंदरावांच्या मनात एकच — बिबट्या! सकाळी फिरायला जाणाऱ्या कंपूतल्या कुणीतरी तिकडचा बिबट्याचा फोटो दाखवला होता ना! झोप उडाली! अहो, कराडच्या उसात बिबट्या रोज येतो! कुत्रं उचलतो, पाणी पितो, जातो! तो फुकटचा चालत नाही. विमानानं जाऊन बघितला तरच तो बिबट्या!

आणि कुंदाताई? बाईनं जन्मात काही मागितलं नाही. साडी आणली, "छान आहे." नाही आणली, "आहेत की!" पण बेटाचं नाव ऐकलं मात्र — हातातली परात तशीच खाली ठेवली. म्हणाली, "मी येते."

का? कुंदाताई मालवणकडच्या, माहेरच्या परब. वडील बोटीवर खलाशी. पोर एवढीशी असताना निघाले, तिला उचलून म्हणाले, "चेडवा, येताना तुका मोठो शंख घेवन येतंय हां!" शंख आला नाही. तार आली. त्या बेटाच्या जवळ बोटीवर तापानं गेले. बंदर गाठेपर्यंत देह ठेवणार कसा? दिला समुद्राला. पोरीनं ना मुख पाहिलं, ना पाणी दिलं. मामानं वाढवली, मामानंच कन्यादान केलं. मनात एवढंच राहिलं — माझे बाबा त्या पाण्यात आहेत. एकदा तिथं जाईन, नारळ सोडीन, हाक मारीन.

नवऱ्याला सांगितलं होतं हो! लग्नानंतर सांगितलं, तिकीट काढताना पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "हो हो." पेपर वाचताना म्हणतात ना, तसं! हसू नका. तुमच्या घरी पेपर येतो.

पोचले आफ्रिकेत. तिथल्या बाजारात बाईनं पहिल्या दिवशी नारळ घेतला. चांगला हलवून, पाणी वाजवून! जीपचा ड्रायव्हर जुमा, गुजराती दुकानात राहून मोडकं हिंदी शिकलेला. म्हणाला, "मम्मी, बेटावर नारळच नारळ! इथून कशाला?" बाई म्हणाली, "बाबांकडे रिकाम्या हातानं कसं जायचं?" जुमाला कळलं! त्यानं तो नारळ आपल्या शेजारच्या सीटवर फडक्यात बसवला. खड्डा आला की एक हात नारळावर!

सिंह दिसले. हत्ती दिसले. जिराफ तर इतके, की अरविंदराव म्हणाले, "पुरे आता!" पण बिबट्या? नाही! आज नाही, उद्या नाही. जंगलातला शेवटचा दिवस आला. आता उरले बेटाचे दोन दिवस.

अरविंदराव म्हणाले, "जुमा, बेट रद्द. अजून दोन दिवस इथंच!"

जुमा गाडी थांबवून मागे बघायला लागला. "साहेब… मम्मीचा समुद्र?"

"अगं कुंदा," हे म्हणतात, "बेटावर काय, पाणीच ना? समुद्र सगळा एकच! गणपतीपुळ्याला नेतो की तुला. बिबट्या पुन्हा दिसायचा नाही. राहू ना?"

विचारलं बरं का! विचारलं नाही असं नाही!

बाईनं खिडकीबाहेर बघितलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. म्हणाली, "राहू दे. तुमचं होऊ दे."

आणि दिसला हो बिबट्या! दुसऱ्या दिवशी, उन्हं कलताना, लांब एका झाडावर. धड पानांत, तोंड पानांत, आणि खाली लोंबतंय काय? शेपूट! हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, इथं समुद्र गेला आणि शेपूट मिळालं! अरविंदरावांनी धडाधड फोटो काढले. "बघितलास का कुंदा?"

"बघितला हो. छान आहे."

निघताना बाईनं नारळ जुमाच्या हातात दिला. "घरी न्या. कालवणात घाला." जुमानं दोन्ही हातांनी घेतला, पण मान वर केली नाही. विमान वर गेलं. "अगं बघ, समुद्र!" नवरा म्हणाला. ती म्हणाली, "झोप येतेय," आणि खिडकीचं झाकण खाली ओढलं.

कराडला शेपटाचं कौतुक चार दिवस. पाचव्या दिवशी एकजण म्हणाला, "अरविंदराव, काल आमच्या मळ्यात आला होता — अख्खा!" संपलं कौतुक!

मग मालवणहून मामी आली. नव्वदीची म्हातारी, वाकलेली. पाणीसुद्धा घेतलं नाही, आधी कुंदाचा हात धरला. "गो कुंदा, बापसाच्या नावान नारळ सोडलंस?"

अरविंदराव समोर. हातातला चहा तसाच. आता बाई काय बोलणार?

कुंदाताई म्हणाली, "सोडला, मामी."

म्हातारीनं हात जोडले. "सुटलो गो बिचारो. आता मी मराक मोकळी."

मंडळी! जन्मात खोटं न बोललेली बाई — नवऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून बापाच्या बाबतीत खोटं बोलली! त्या क्षणी त्या माणसाला कळलं, आपण काय खाल्लं ते. मामी गेल्यावर म्हणाला, "कुंदा, चल. आत्ता तिकीट काढतो. चुकलं माझं."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं! म्हणाली, "आता कशाला? मामीला सांगितलं ना, सोडला म्हणून."

मग तो एकटाच गेला गणपतीपुळ्याला. समुद्र सगळा एकच ना! गुडघाभर पाण्यात उभा राहिला, नारळ हातात, आणि ओठ उघडले — कुणाच्या नावानं सोडायचा? सासऱ्याचं नाव? आठवेना! जिच्या नावापुढं आयुष्यभर आपलं नाव लावलं, तिच्या बापाचं नाव आठवेना! तिथूनच फोन लावला. "कुंदा… बाबांचं नाव काय गं?"

पलीकडून मग बारीक आवाज — लहान पोरीचा — "आत्माराम. आत्माराम परब." आणि ती रडली. एवढ्या संसारात पहिल्यांदा, मोठ्यानं.

त्यानं नारळ सोडला. लाटेनं पुन्हा आणून पायाशी ठेवला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. तसाच उभा राहिला बिचारा, भिजत.

आता सांगा, ती चोरी झाली का? आता कुणी "नाही" म्हणत नाही! अहो, जिला नाही म्हणायला कुणी शिकवलंच नाही, तिचा "हो" तो होकार कसा? एकदा विचारून भागत नाही बाबांनो. बसायचं, पेपर ठेवायचा, पुन्हा विचारायचं.

चला, आरतीची वेळ झाली. पण त्याआधी पुरुष मंडळींनी हात वर करा — सासऱ्याचं नाव कोण सांगतो? अं हं! बायकांकडे बघू नका!

निरांजन विझू दे, हरकत नाही. देव थांबेल. आधी विचारून या.