गोखल्यांना आवडलेला कोड

आमचे मॅनेजर गोखले यांना कोड वाचता येत नसे, पण तो लांब आहे हे मात्र लगेच कळायचं. एकदा त्यांनी माझी फाईल उघडली, माऊसचं चाक फिरवत राहिले आणि म्हणाले, "अहो, हा प्रोग्रॅम आहे की मारुतीचं शेपूट? उद्या क्लायंट येतोय. लहान करा, नाहीतर अमेरिकेच्या प्रोजेक्टवर तुमच्याऐवजी दुसरा कोणीतरी जाईल."

आता चालणारा कोड लहान कसा करायचा? त्या गडबडीत माझ्याकडून कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि कोड लिहायच्या एडिटर सॉफ्टवेअरने सगळ्याची घडीच घातली. जिथे पानंच्या पानं होती, तिथे चार ओळी उरल्या आणि प्रत्येकीपुढे अधिकचं चिन्ह. ती घडी उलगडायची कशी, हे मी घाम पुसत शोधतोय, तोवर गोखले मागे हजर.

"वा! याला म्हणतात काम. मनावर घेतलं की होतं!"

मी प्रामाणिकपणे म्हणालो, "सर, कोड तेवढाच आहे, फक्त मिटलाय. या चिन्हावर क्लिक केलं की सगळा परत दिसतो."

गोखल्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग क्लिक करायला तुम्हाला सांगितलंय कोणी?"