अण्णांची कवळी

हसू नका, पण आमच्या लातुरात अख्खी गल्ली माझ्या वडिलांना, अण्णांना, लई भ्यायची, आणि तेही कचऱ्यापायी. महापालिकेनं ओला-सुका वेगळा मागायला सुरुवात केली आणि रिटायर झालेल्या अण्णांना कामच मिळालं. घंटागाडी आली की हे दारात उभे. कुणाच्या सुक्यात चहाचा चोथा दिसला की लगेच, "हे काय हाय? काढा बाहेर!" आई तर अंड्याचं टरफलसुद्धा त्यांना विचारून टाकायची.

मग अण्णाच गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी आईनं त्यांचं सामान काढलं. गोळ्या वेगळ्या, झिजलेल्या चपला वेगळ्या. घंटागाडी आली तसं मी एकेक टाकत गेलो. शेवटी आईच्या हातात त्यांची कवळी राहिली.

गाडीवरच्या बाईला अजून अण्णांचा धाक होता. ती हळूच म्हणाली, "काकू, ही कशात टाकायची? ओल्यात का सुक्यात?"

आई म्हणाली, "थांब जरा, ह्यांना विचारून येते."

आणि घरात गेली. गाडी तशीच थांबून राहिली. आई काय बाहेर आली न्हाई.