सासूबाईंची फळी अन् उघडी रेष

...आता मला सांगा, रेष ‘उघडी’ हाय म्हणजे काय? रेष काय नळ हाय व्हय उघडी राहायला? सहा आठवडे, तुम्हाला सांगतो, सहा आठवडे आमच्या हापिसात दुसरा विषय न्हाई! सकाळी दहाला मी टेबलावर डबा ठेवतो, शेजारच्या टेबलाला नरसिंग, डोळे तांबडेलाल, दाढी वाढलेली, अन् म्हणतो, ‘रेष उघडी निघाली.’ अरे बाबा, तू आवक-जावकचा कारकून, तुला रेषेचं काय पडलंय? तर म्हणतो, ‘तुम्हाला कळायचं न्हाई. फळी एकच हाय!’

तर ही फळी. नीट ऐका, न्हाईतर मधीच विचाराल कोणती फळी म्हणून.

नरसिंगनं मागच्या दिवाळीला एक मशीन घेतलं. लाकूड कोरायचं. संगणकात चित्र घालायचं, अन् ते मशीन आपलं आपण खर्र खर्र करत लाकडात कोरतंय. जिन्याखाली मांडलं. आधी इंटरनेटवरची आयती चित्रं उतरवून घेतली अन् अख्ख्या हापिसाला किल्ल्या अडकवायच्या पाट्या करून दिल्या, माझ्या घरी तर दोन हायत, किल्ली एकच. तवर सगळं बेस होतं. पण त्याची बायको मनिषा, तिला कुठं दम! फोन लावला किल्लारीला आईला, ‘आई, ह्यांच्या मशिनीवर काय वाट्टेल ते होतंय बघ!’

काय वाट्टेल ते! बायकोनं नवऱ्याचं कौतुक करावं, माझं काही म्हणणं न्हाई, पण माहेरी कामून करावं?

सासूबाई, केवळाबाई. बाई खमकी. भूकंपात घर पडलं, नवरा गेला, सटवाजी त्यांचं नाव, पाच वर्षांची मनिषा पदरात, अन् तिथनं बाईनं सगळं उभं केलं. पण जुन्या वळणाची. जावयाशी सरळ बोलणार न्हाई! लग्नाला चौदा वर्षं झाली, जावई तीन हातावर बसलेला असतोय, अन् ही पदर पुढं ओढून लेकीला म्हणणार, ‘जावयाला म्हणावं, जेवायला बसा.’ जावयाला ऐकू येतंय की! तरी मनिषा वळून सांगणार, ‘आई म्हणतीय, जेवायला बसा.’ अन् नरसिंगनंसुद्धा मनिषाकडं बघून म्हणायचं, ‘आईंना म्हणावं, बसतो.’ म्हणजे कचेरीतली फाईल बरी, ती तरी एकाच टेबलावरनं जाती.

तर गेल्या श्रावणात हे दोघं किल्लारीला गेले. बाईनं बाजेखालनं वाकळ ओढली, वाकळ उलगडली, तर आत फळी! सागाची, काळीभोर, दोन बोटं जाड. जुन्या घराच्या दाराची. दगडमातीच्या ढिगाऱ्यातनं ही निघाली म्हणे, तिला चीरसुद्धा न्हाई. अन् एक कागद, कॅलेंडरचं मागचं पान, त्यावर बाईनं बॉलपेननं पिंपळपान काढलेलं. जुन्या घराच्या दारावर दर बुद्धपौर्णिमेला ती खडूनं काढायची ना, तेच. ‘मनिषा, जावयाला म्हणावं, ह्यावर हे पान कोरा, खाली ह्यांचं नाव घाला. तीस सप्टेंबरच्या आत पाहिजे.’

किल्लारीत तीस सप्टेंबर, भूकंपाचा दिवस, म्हणजे काय हे कुणी कुणाला इचारत न्हाई. नरसिंगनं फळी उलटीपालटी करून बघितली, परत वाकळीवर ठेवली. पण जावई! सासूला न्हाई कसा म्हणणार? ‘आईंना म्हणावं, करतो.’ झालं! अन् तिथनं जे सुरू झालं ते, ‘फळी एकच हाय, फळी एकच हाय!’

बरं, त्याला वाटलं काय, कागदाचा फोटो काढला, संगणकात घातला, बटण दाबलं, पान तयार! बटण तर हाय म्हणे तसलं. फोटोवरनं आपोआप रेष आखून देतंय. दिली की! पण बॉलपेनची रेष जाड, अन् त्या शहाण्या संगणकानं तिच्या दोन्ही कडांनी दोन रेषा आखल्या. एका शिरेच्या दोन शिरा! मशीन तर आखलेल्या रेषेवरनंच चालणार, त्याला काय अक्कल? आधी फाटक्या प्लायवर करून बघितलं, तर पान असं दिसून राहिलं की दोन दोन दिसायला लागलं म्हणून मनिषानं डोळे चोळले. ते पुसलं, पुन्हा हातानं आखलं. तर आता, ‘रेष उघडी आहे, खोदता येत नाही.’ संगणक म्हणतोय हे! कुठं उघडी? बघावं तर अख्खं पान बंद दिसतंय, मुंगी बाहेर पडायची न्हाई. अन् हा बसलाय माऊस घेऊन, देठापासून टोकापर्यंत अन् टोकापासून देठापर्यंत.

मग व्हिडिओ. ‘तो दोस्तो, आज हम सीखेंगे...’ अन् दहा मिनिटं तो दोस्त स्वतःच्या चॅनलचीच आरती ओवाळतोय! अकराव्या मिनिटाला म्हणतो, ‘बस, वेक्टर क्लोज़ कर दो, सिंपल!’ वेक्टर म्हणजे तीच ती आखलेली रेष. सिंपल? अरे सिंपल असतं तर माणूस तुझ्या दारात आला असता का रे? नरसिंग मोबाईलशी भांडायला लागला. मनिषा म्हणली, ‘अहो, तो ऐकून न्हाई राहिला.’ हा म्हणतो, ‘ऐकू दे, न ऐकू दे, फळी एकच हाय!’

शेवटी नांदेडचे रेणुकादास सर सापडले. चित्रकलेचे मास्तर, रिटायर, त्यांच्याकडं असलंच मशीन. नरसिंग रविवारी एसटीनं नांदेडला गेला, पेन ड्राईव्ह खिशात, अन् खिशावर हात, जसं काय आत जीव ठेवलाय. सर शांत. इतके शांत की समोरच्याला ताप यावा. ‘या नरसिंगराव. पाणी घ्या. हं. आता मोठं करून बघा.’ केलं. ‘आणखी मोठं करा.’ केलं. ‘आणखी.’ पान गेलं, शीर गेली, पडद्यावर निस्ती दोन टोकं राहिली, अन् मधी फट! केसाएवढी! ‘दिसली? आता किती आहेत अशा?’ तुम्हाला सांगतो, एकशे त्रेचाळीस निघाल्या! सासूबाईंनी पानाला शिराच तेवढ्या काढल्यात, अन् हर शिरेला हा गडी कुठं ना कुठं थांबलेला, चहा प्यायला थांबला तिथं एक फट, फोन आला तिथं एक फट.

मग सरांनी शिकवलं. टोकाला टोक कसं जोडायचं. एकावर एक बसलेल्या दुहेरी रेषा शोधून एक कशी उडवायची. रेषेवरचे सांधे, त्यांना नोड म्हणतात, ते कमी कसे करायचे, कारण सांधे जास्त झाले की मशीन हर सांध्याला अडखळतंय अन् कड खरबरीत येती. अन् नाव! ‘सटवाजी’ लिहिलं, तर वरची रेघ एका अक्षराची दुसऱ्या अक्षरावर चढलेली, अन् चढली तिथं मशीन खोदतच न्हाई, मधी मधी टेंगळं ठेवतंय. ‘आधी सगळी अक्षरं एकजीव करा नरसिंगराव, मग खोदा.’ हा सगळं वहीत लिहून घेतोय. दहावीला एवढं लिहिलं असतं तर आज माझा साहेब असता.

चार रविवार गेला नांदेडला. चार! घरी पाहुणे आले, हा न्हाई. पोरीच्या शाळेत बोलावलं, हा न्हाई. हापिसात साहेब म्हणले, ‘नरसिंग, हे पत्र कुठाय?’ हा म्हणतो, ‘साहेब, मोठं करून बघायला पाहिजे.’ मी त्याला म्हणलं, ‘अरे, सासूला सांग सरळ, जमत न्हाई म्हणून.’ तर माझ्याकडं असा बघितला, डोळ्यात पाणी, खरंच पाणी! म्हणतो, ‘त्या माणसाचं दुसरं काय राहिलंय हो? फोटो सुद्धा न्हाई. ढिगाऱ्यात गेला. मनिषाला बापाचं तोंड आठवत न्हाई. एक ती फळी हाय, जिला तिच्या बापाचा हात लागलाय. अन् ती मी बिघडवली तर?’ मी माझ्या डब्यातली भाजी त्याला दिली.

अन् मग, सांगायला हरकत न्हाई, जमलं! प्लायवर असं पान आलं, असं पान, शिरा कशा, देठ कसा, नाव कसं, नरसिंगनं मला घरी नेऊन दाखवलं. मी म्हणलं, ‘शाब्बास! आता लाव ती फळी.’ सत्तावीस तारीख. शनिवार. सुट्टी. फळी मशिनीवर बसवली, चारी बाजूनं आवळली, हात जोडले, बटणाकडं बोट नेलं... अन् फोन!

‘आई म्हणतीय,’ मनिषा जिन्यात उभी, ‘तुम्ही पाठवलेल्या प्लायच्या फोटोत डाव्या अंगाची एक शीर राहिली. मोठी, देठापासून वर वळत जाणारी. ती घाला म्हणतीय.’

आता बघा! दुसरा कुणी असता तर म्हणला असता, राहू दे एक शीर, झाडावरच्या पानाला तरी कोण मोजायला जातंय? पण सासूबाईंचा निरोप! ‘आईंना म्हणावं, घालतो.’ बसला. शीर आखली. चार आठवड्याची सवय, मोठं करून, आणखी मोठं करून, टोक बघितलं. उघडं! साहजिक हाय, शीर हाय ती, तिला दोन टोकं असणारच, ती निस्ती कोरायची, बंद करायचीच न्हाई! पण ह्याच्या डोक्यात एकच भुंगा, उघडी रेष, उघडी रेष, उघडी रेष! अन् घाई. ती शीर निवडली अन् दाबलं बटण, ‘बंद कर.’ संगणकानं केली बंद. कशी? शिरेचं खालचं टोक अन् वरचं टोक, मधनं सरळ रेघ मारून! पार पानाच्या पोटातनं! अन् हा बघतोय काय, तर निस्तं टोक! बंद झालं, बंद झालं म्हणून खूश! लहान करून अख्खं पान एकदा बघावं न्हाई का रे येड्या? महिनाभर केसाएवढ्या फटी शोधल्या, अन् हातभर रेघ दिसली न्हाई!

मशीन चाललं. पान झालं, देठ झाला, नाव झालं, सुंदर झालं, नरसिंगचा ऊर भरून आला, अन् शेवटी ते पातं उचललं, डावीकडं आलं, शीर कोरत वर गेलं, अन् वरनं वळून, सरळ, खर्रर्र... बटण बंद करेपर्यंत काम आटोपलं होतं. देठापासून शेंड्यापर्यंत चिरलं.

तुम्हाला सांगतो, तो माणूस दोन दिवस जेवला न्हाई. फळीजवळ बसून राहिला. मनिषा ओरडली असती, भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती निस्ती आली, चिरेवरनं एकदा बोट फिरवलं, अन् भाकरी करायला गेली. मला म्हणाला, ‘तुम्ही चला माझ्यासंगं किल्लारीला. एकट्याच्यानं तोंड दाखवायचं न्हाई.’ मी का जावं? माझी सासू हाय का ती? तरी गेलो!

तीस तारखेला सकाळची जीप. फळी चादरीत गुंडाळून मांडीवर. अख्ख्या वाटेनं हा पुटपुटतोय, ‘आईंना म्हणावं, चूक झाली. आईंना म्हणावं, माझ्या हातनं...’ घरी पोचलो, बसलो, बाई पदर ओढून आतल्या दाराशी. नरसिंगनं चादर काढली. फळीचं एक टोक मला धरायला लावलं. ‘मनिषा, आईंना म्हणावं... फळी एकच होती, अन् ती मी...’ रडायला लागला हो! भरला संसार असलेला माणूस, परक्या वसरीत, माझ्या देखत!

केवळाबाई लांबनं फळीकडं बघितली. मग लेकीला म्हणली, ‘मनिषा, जावयाला म्हणावं, एकच कुणी सांगितली? दाराला फळ्या दोन असतात.’

काय?

‘दुसरी संगप्पा सुताराला दिली. दोघांनी एकेक केली तर लवकर होईल म्हणलं. भिंतीतल्या देवळीला दार करायचंय.’

संगप्पा तिथंच, भिंतीला टेकून चहा पीत होता! सत्तरीचा म्हातारा. अन् भिंतीशी ती दुसरी फळी. पान, शिरा, देठ, नाव, सगळं! लोण्यातनं बोट फिरवल्यासारखं. ‘किती दिवस लागले?’ मीच विचारलं, नरसिंग तर फळीला नाक लावून शिरा बघत होता. ‘दीड दिस. मधी अर्धा दिस एका लग्नाला गेल्तो.’ ‘अन् रेषा? उघड्या-बंद?’ म्हातारा माझ्याकडं बघाय लागला, मग नरसिंगकडं, मग केवळाबाईला म्हणला, ‘पाव्हण्यास्नी जीप लागली जणू.’

दोन्ही फळ्या देवळीला बसवल्या. दुपारी गाव जमलं. येणारा हरेक माणूस एक दार बघतोय, दुसरं दार बघतोय, अन् इचारतोय, कुणी केलं? अन् केवळाबाई, चौदा वर्षं जावयाशी शब्द न बोललेली बाई, पदर सावरून खणखणीत आवाजात सांगती, ‘बरं हाय ते जावयानं केलं. चिरलंय ते सुताराचं!’

लोकं नरसिंगच्या पाठीवर थाप मारून राहिली, ‘हुन्नर हाय गड्या हातात!’ अन् संगप्पाला म्हणून राहिली, ‘बाबा, वय झालं आता, जरा इसावा घे.’ म्हातारा म्हणतो, ‘हाव, हात कापतोय,’ अन् अजून एक कप चहा मागतोय. नरसिंगनं तोंड उघडलं, तर मनिषा वळून म्हणाली, ‘आई म्हणतीय, गप बसा.’