सुधींद्रची दुसरी टेस्ट

नाही हो, सुधींद्र घरी नाही म्हटलं ना — कडकोळला कंपनीत गेलाय, सहाशिवाय येत नाही. तुम्ही बसा की, उन्हातून आलात. त्या रक्त जुळवणाऱ्या लॅबच्या ना? आणि मराठी! पुण्याकडच्या? वाटलंच. आमची मराठी ऐकून हसाल, चार पिढ्या म्हैसुरात गेल्या, अर्धं कन्नडच येतं तोंडात — अय्यो, पाणी घ्या आधी.

फोन का उचलत नाही म्हणता? फॉर्मवर त्याच्या नावापुढे नंबर माझा आहे. मीच घातला. मीच काय, त्या दिवशी सगळं मीच केलं — ते समोरचं हिरवं गेट, ते नमिताचं घर. तिची पावनी, नऊ वर्षांची, अंगात रक्तच तयार होत नाही पोरीच्या. दुसऱ्याच्या हाडातला मगज द्यावा लागतो म्हणाले, पण आई, बाप, मामा, कोणाचंच जुळेना. मग मठात स्वामींच्या आराधनेला सगळे जेवायला जमतात, त्या दिवशी मी जेवणघराच्या दारातच उभी राहिले — गालातून काडी फिरवून द्या, मगच पानावर बसा! जगन्नाथराव भुकेनं चिडले, म्हटलं, तुमचं वय गेलं, तुम्ही बसा जेवायला, पण नातवंडं इकडे पाठवा. त्रेचाळीस जण केले. सुधींद्र लाजत होता, त्यालाही मीच पुढं ढकललं.

हौदू, हो हो, ठाऊक आहे मला. पहिल्या टेस्टमधे नुसती गल्ली कळते, ही दुसरी बारकाईची, हिच्यात घराचा नंबर कळतो. गल्ली जुळली, आता नंबर बघायचाय. आणि कोणासाठी ते तुम्ही सांगायचं नाही, नियम आहे. नका सांगू. लांबचं कोणी असेल, दिल्लीबिल्लीचं — असू शकतं ना? मान तरी हलवा. बरं, नका हलवू.

हाड कापत नाहीत, हातातून रक्त घेतात, चार दिवसांत माणूस कामाला लागतो — अगं, हेच मी त्रेचाळीस जणांना सांगितलंय, तू मला काय सांगतेस! आमच्या ह्यांनाही साधं ऑपरेशन म्हणूनच नेलं होतं. हर्नियाचं. सकाळी आपल्या पायानं चालत गेले, रिक्षावाल्याशी भांडले सुद्धा — असो. एकच आहे गं मला. तुझा फोन आला की मोबाइल तांदळाच्या डब्यात घालून झाकण लावते. अकरा वेळा. आणि संध्याकाळी नमिताकडे जाऊन बसते, विचारते, कोणी सापडलं का गं? मी विचारते! ती माझाच हात धरून रडते. काय करू, सांग ना. न जावं तर का नाही आलात म्हणेल, जावं तर —

त्याला विचारा म्हणतेस? त्याला यातलं काही ठाऊक नाही. चोवीस वर्षांचा आहे, विचारलं की हो म्हणेल. तिथल्या तिथं म्हणेल. म्हणून तर —

थांब. गेट वाजलं. काय गं नमिता? ह्या? ह्या होय — ह्या नळाचं मीटर बघायला आल्यात. हो गं, येते, दहा मिनिटांत येते.

जा तू. नाही, त्याचा नंबर नाही देणार. ऊठ, जा म्हणते ना — आणि डावीकडून जा, तिच्या दारावरून नको.